नको असलेले टपाल आणि पेटीची किल्ली

तिकीट न लावता टाकलेले पत्र 'नॉटपेड' होते आणि ते सोडवून घेणाऱ्याकडून तुटीच्या दुप्पट हशील वसूल होते, ही टपालातील पूर्वापार रीत आमच्या वाचकांना सांगायला नको. पण ते पत्र नाकारण्याचा अधिकारही घेणाऱ्याला असतो. ई-मेलच्या कारभारात हा सारा हिशेब उलटा झाला आहे. एक पत्र धाडायला पाठवणाऱ्याला जो खर्च येतो, जवळजवळ तेवढ्यातच तो दहा लाख पत्रे धाडतो. साठवणुकीची यंत्रे, ती सांभाळणारी माणसे आणि पेटी साफ करण्यात जाणारा वेळ हा सगळा भार मात्र घेणाऱ्याच्या माथी. पेटी नॉटपेड पत्रांनी भरावी आणि एकही नाकारता येऊ नये, अशातला हा प्रकार. जगभर त्याला 'स्पॅम' म्हणतात.

हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा आहे असे कोणी समजू नये. बँक, पेन्शन, आरक्षण यांची पत्रे आता आपल्यापैकी अनेकांना ई-मेलनेच येतात आणि त्याच गर्दीत लबाडीची पत्रेही शिरतात. ही लबाडी मोबाईलच्या संदेशांतूनही चालते. 'अपुऱ्या पत्त्यामुळे तुमचे पार्सल थांबले आहे, या दुव्यावर पत्ता भरा' असे टपालखात्याच्या नावाने येणारे संदेश बनावट असल्याचा इशारा पत्र सूचना कार्यालयाला २०२४ मध्ये द्यावा लागला. रेल्वे तिकिटांच्या बनावट अॅपविषयी आय.आर.सी.टी.सी.ने २०२३ मध्ये असाच इशारा दिला होता. नाव आपल्या खात्याचे वापरले जाते आणि फसलेला माणूस जाब विचारायला येतो तोही काउंटरवरच्या कर्मचाऱ्यालाच.

रोग जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्याने 'आर्पानेट' या तेव्हाच्या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा जाहिरात पाठवली. एप्रिल १९९४ मध्ये अॅरिझोनातील दोन वकिलांनी 'ग्रीन कार्ड लॉटरी'ची जाहिरात 'यूजनेट'वरील हजारो चर्चागटांत टाकली, आणि तेव्हापासून हा उघड धंदाच झाला. धंदा फोफावला याचे कारण ई-मेलच्या रचनेतच होते. १९८२ मध्ये ठरलेल्या पद्धतीत पाठवणाऱ्याचे नाव पाकिटाच्या मागे लिहिलेल्या पत्त्यासारखे होते. कोणी काहीही लिहावे, तपासणारा कोणी नाही.

त्यावर उपाय निघाले, आणि प्रत्येकाने काही काम केले. पहिला उपाय काळ्या यादीचा. उपद्रवी संगणकांची यादी करायची आणि तिथून आलेली थैली उघडायचीच नाही. १९९८ मध्ये सुरू झालेली 'स्पॅमहाउस' ही संस्था हेच काम करते. पण त्याच संगणकावरून पत्रे पाठवणारे निरपराधही त्यात अडकतात. दुसरा उपाय मजकूर तपासणाऱ्या गाळणीचा. आधी आलेल्या चांगल्या-वाईट पत्रांतील शब्द मोजून नव्या पत्राची शक्यता ठरवायची, ही युक्ती ऑगस्ट २००२ मधील पॉल ग्रॅहॅम यांच्या लेखामुळे सर्वत्र गेली. तिचा पाया अठराव्या शतकातील टॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचे गणित. परंतु गाळणीची खरी भीती वेगळीच आहे. शंभर जाहिराती सुटल्या तर त्रास होतो. पेन्शनचे एक पत्र अडकले तर नुकसान होते.

तिसरा उपाय तिकिटाचा. प्रत्येक पत्रासाठी पाठवणाऱ्याच्या संगणकाने थोडे गणित सोडवावे, म्हणजे एका पत्राला काहीच भार नाही आणि लाखोंना भारी, असा प्रस्ताव १९९२ मध्ये सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर यांनी मांडला. १९९७ मध्ये अॅडम बॅक यांनी 'हॅशकॅश' नावाने तो प्रत्यक्षात आणला. तो रुळला नाही, कारण चोरांनी दुसऱ्यांचेच हजारो संगणक बळकावून कामाला जुंपले होते. तिकीट लावायचे तेही दुसऱ्याच्या खिशातून!

चौथा उपाय रेल्वेच्या साथींना लगेच समजेल. लाईन क्लिअर देताना दोन स्टेशन मास्तर प्रायव्हेट नंबर देतात-घेतात, कारण केवळ आवाजावर विश्वास ठेवून गाडी सोडता येत नाही. ई-मेलमध्येही आता तशी खूण आली आहे. आपल्या नावाने कोणते संगणक पत्र पाठवू शकतात ते संस्थेने आधी जाहीर करायचे, पत्रावर न पुसणारी मोहोर लावायची आणि खूण न जुळल्यास पत्राचे काय करावे तेही सांगून ठेवायचे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना हे सक्तीचे केले. जीमेलने त्यासाठी दिवसाला ५,००० पत्रांची मर्यादा ठरवली. एका टिचकीत यादीतून नाव काढण्याची सोयही बंधनकारक झाली. मात्र यातून कळते ते पत्र कोणाचे एवढेच. खऱ्या नावाने येणारा उपद्रव त्याने थांबत नाही.

मुळावर घाव घातला तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील 'मॅककोलो' या एकाच कंपनीची जोडणी तोडली गेली आणि जगातील स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आले. काही महिन्यांत ते परत वाढले. तंत्राला कायद्याची जोड नसली की असेच होणार.

कायद्यात मात्र खरी मेख आहे. स्पॅम म्हणजे नेमके काय, आणि ते कोणी ठरवायचे?

अमेरिकेतील इंटेल कंपनीने कामावरून काढलेला केन हमीदी हा अभियंता कंपनीच्या कामगारविषयक धोरणावर टीका करणारी पत्रे तिथल्या कर्मचाऱ्यांना ई-मेलने पाठवत असे. २१ महिन्यांत सहा वेळा, आणि एकेका वेळी ३५,००० पर्यंत कर्मचाऱ्यांना. ज्यांनी नको म्हटले त्यांची नावे तो वगळत असे. कंपनीने त्याला आपल्या मालमत्तेवरील आक्रमण ठरवून मनाईहुकूम मिळवला. ३० जून २००३ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो फिरवला. पत्रांनी यंत्रणा बिघडली नव्हती की मंदावली नव्हती. कंपनीला डाचत होता तो पत्रांतील मजकूर.

आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ मध्ये 'त्रास किंवा गैरसोय' होईल अशा ई-मेलला व पाठवणाऱ्याविषयी दिशाभूल करणाऱ्या ई-मेलला शिक्षा होती. त्या एका 'त्रास' शब्दाने काय केले? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदवरील फेसबुकच्या मजकुरासाठी अटक झाली, त्यात हे कलम होते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण रद्द केले, ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर स्पॅमला हात घालणारी तरतूदही गेली आणि तिच्या जागी नेमके असे काही आले नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम फोन व एस.एम.एस.पुरते आहेत, ई-मेल त्यांच्या कक्षेबाहेर आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. स्पॅमची कसोटी 'कोणाला त्रास झाला' ही नसावी, कारण मालकाला युनियनच्या प्रत्येक पत्रकाचा त्रास होतो. कसोटी तीन गोष्टींची असावी: धंद्यासाठी एकगठ्ठा पाठवलेले पत्र, घेणाऱ्याची पूर्वसंमती नसणे आणि पाठवणाऱ्याचे नाव लपवणे किंवा खोटे असणे. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने 'नको म्हणेपर्यंत पाठवा' अशी मुभा दिली. युरोपने २००२ मध्ये आणि कॅनडाने २०१४ पासून 'आधी संमती घ्या' हे तत्त्व स्वीकारले. आपल्या देशाने दुसरा मार्ग धरावा आणि शिक्षा केवळ पाठवणाऱ्याला न ठेवता ज्याचा माल खपवण्यासाठी पत्रे गेली त्यालाही करावी. गाळणीने काय अडवले ते घेणाऱ्याला दिसावे. 'स्पॅम' या नावाखाली व्यवस्थापनाने युनियनची पत्रे कार्यालयीन यंत्रणेत अडवू नयेत. बनावट संदेश ओळखण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत मिळावे.

मागणी करताना आपले घरही नीट हवे. शाखांनी ज्या सभासदांनी पत्ता दिला त्यांनाच पत्रे पाठवावीत, सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतील असे पाठवू नये आणि नको म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे.

सभासदांनीही काही पथ्ये पाळावीत. नाव ओळखीचे दिसले तरी 'अॅट'च्या खुणेनंतरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. अनोळखी पत्रातील 'नाव काढा' या दुव्यावर बोट ठेवू नये. पेटी वापरात आहे ही बातमी त्यातून चोराला मिळते. असे पत्र स्पॅमच्या कप्प्यात टाकावे, म्हणजे गाळणीही शिकते. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

पेटी ज्याची, किल्ली त्याचीच असली पाहिजे. चोराच्या हातून ती काढून घेताना मालकाच्या हाती जाणार नाही, याची काळजी आपणच घ्यायची आहे.