मूल दोघांचं, रजा एकटीची

महाराष्ट्र सरकारच्या सेवेतल्या पुरुषाला मूल सांभाळण्यासाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. अट एवढीच की, त्याची बायको हयात नसावी किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असावी. २०१८ साली राज्य सरकारने ही सवलत आणली. केंद्राचा नियमही फार वेगळा नाही. तिथे ही रजा महिलांना आणि एकट्या पुरुष पालकाला मिळते. म्हणजे बापाने लेकराजवळ बसायचं असेल, तर आधी त्याच्या घरात आपत्ती यायला हवी. बाई चालतीफिरती आहे ना? मग बापाचं घरात काय काम, असं सरकारच विचारतंय.

हा फक्त बापांवरचा अन्याय असता, तर मी एवढी शाई खर्च केली नसती. या नियमाची किंमत बायका मोजतात आणि ती कामाच्या ठिकाणी मोजतात.

२०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ही वाढ योग्यच होती. पण हे पैसे द्यायचे कुणी? कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या बाईला विमा महामंडळ देतं. जी त्या योजनेच्या बाहेर आहे, तिचा २६ आठवड्यांचा सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो. बापासाठी कायद्यात एक दिवसही नाही. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते पान कोरंच राहिलं.

आता मालकाच्या खुर्चीत बसून बघा. समोर सारख्या शिक्षणाचे दोन उमेदवार आहेत, एक पंचविशीचा मुलगा आणि एक पंचविशीची मुलगी. दोघंही उद्या आईबाप होणार. पण मुलाच्या बाप होण्याचा हिशेब शून्य आणि मुलीच्या आई होण्याचा हिशेब सहा महिन्यांचा. म्हणून मुलाखतीत लग्नाचा प्रश्न मुलीलाच विचारला जातो. ‘पुढचा काय विचार आहे?’ हे कोणत्या मुलाला विचारल्याचं तुम्ही ऐकलंय? बाईला वाचवायला केलेला कायदा बाईलाच महाग ठरवतो, कारण तो फक्त तिच्या नावावर आहे.

ही गाठ कुठे आहे, ते आपल्याच मातीत फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं. त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुद्दा असा होता, की आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. बाईला कमी मजुरी देऊन फायदा कमावणाऱ्या मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षांनी, २०१७ साली, हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं. बापालाही पगारी रजा आणि त्यासाठी कामगार, मालक आणि केंद्र सरकार अशा तिघांच्या वर्गणीचा निधी, अशी त्यात कल्पना होती. खासगी विधेयकांचं जे होतं, तेच त्याचं झालं. सातव आज नाहीत आणि त्यांच्या विधेयकाची आठवणही कुणाला नाही.

विरोध करणारे काय म्हणतात, तेही बघू. २०१६ साली तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी म्हणाल्या होत्या, की पुरुषांना अशी रजा म्हणजे नुसती सुट्टी होईल, ते काही करणार नाहीत. महिलांच्या मंत्र्यानेच हे म्हणावं! पुरुष काम करत नाही म्हणून त्याला काम शिकायची संधीच द्यायची नाही, हा कुठला न्याय? स्वीडनने १९७४ साली आईची रजा बदलून ती दोघा पालकांची केली. तरी बाप आपला वाटा आईच्या नावावर करून मोकळे होत. मग १९९५ पासून एक महिना असा राखून ठेवला की, बापाने घेतला नाही तर तो बुडेल. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवस आहेत आणि त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. ब्रिटनने २०१५ साली ‘वाटून घ्या’ एवढंच म्हटलं. आईने स्वतःच्या रजेतला तुकडा द्यायचा आणि त्या काळात पैसेही तुटपुंजे. बाप फारसे फिरकले नाहीत. यातून शिकायचं एवढंच, की नुसती वाटणी पुरत नाही. बापाचा वाटा वेगळा, पगारी आणि त्याच्याच नावावर हवा.

दुसरे म्हणतात, पुरुष रजेवर गेले तर धंदे बसतील. २०२० साली विराट कोहली बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियाचा दौरा अर्धा सोडून आला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्याच्या जागी मूळच्या संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेने संघ सांभाळला आणि मालिका २-१ ने जिंकली. देशाच्या कप्तानाची जागा भरता येते आणि चाकणच्या कारखान्यातल्या सुपरवायझरची येत नाही?

तिसरे आपल्याच मोहल्ल्यातले. म्हणतात, कमावणं मर्दाचं, मूल औरतीचं, हाच दीन आहे. सूरह बकराची २३३वी आयत एकदा अर्थासह वाचा. मूल अंगावर पीत असताना आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. दूध कधी तोडायचं हेसुद्धा दोघांनी राजीखुशीने, मशवरा करून ठरवायचं आहे. घराबाहेर राहणारा बाप मशवरा कसला करणार? पैगंबरसाहेब घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत, ही हजरत आयेशांची साक्ष बुखारीत आहे. तरी आपल्याकडे सातव्या दिवशी अकिक्याचं बोकड आणायला बाप असतो आणि आठव्या रात्री रडणारं पोर उचलायला नसतो. चाळीस दिवसांचा चिल्ला असो की शेजारच्या घरातला सव्वा महिना, राबते ती आजीच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जावयाला तर पूर्ण माफी.

चौथी हरकत मात्र खरी आहे. जुन्नर तालुक्यातल्या ओझरसारख्या गावात हा विषय काढलात तर लोक विचारतील, इथे पगारच किती जणांना आहे, की रजेचं बोलताय? शिक्षिका, अंगणवाडीताई, चाकणला कंत्राटावर जाणारी पोरं सोडली, तर बाकी सगळी रोजंदारी. या भागात ऊस आहे आणि ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल दोघांच्या मेहनतीवर मिळते, खाडा पडला तर भुर्दंडही दोघांच्या हिशेबात जातो. बाई बाळंत झाली की फडातून सुटते ती एकटी आणि तीही किती दिवस? सरकारकडून पहिल्या बाळाला ५,००० रुपये मातृवंदना योजनेचे, तेही हप्त्यांनी.

म्हणूनच निधी हवा. मालकाच्या मर्जीवर सोडलं, तर रजा ऑफिसातल्या मोजक्या लोकांची राहील. विम्याची पद्धत आपल्याकडे आहेच. कर्मचारी राज्य विम्यासाठी पुरुषाच्या पगारातूनही दरमहा ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. बाप झाल्यावर मात्र त्याला या निधीतून एकही पगारी दिवस मिळत नाही. हीच चौकट वाढवा, सरकारी वाटा घाला आणि शेतमजूर, ऊसतोड, घरकाम यांना आत घ्या. ‘बायको मेली तर’ ही अट आधी काढा. ती काढायला कुणाच्या खिशाला मोठी तोशीसही पडणार नाही.

आणि हे मागायला फक्त बायकांनी मोर्चे काढायचे नाहीत. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत बोनसच्या शेजारी बापाच्या रजेची ओळ येऊ द्या. ती पुरुषांनी लिहायची आहे. मूल त्यांचंही आहे.