फौजेमागचे हमाल

१८६० साली चीनमधल्या ताकूच्या किल्ल्यावर चढाई करताना फ्रेंच फौजेच्या चिनी हमालांनी खंदकाच्या पाण्यात उभे राहून शिड्या पेलल्या. किल्ला त्यांच्याच देशाचा होता. मुंबई इलाख्यालाही फौजेमागच्या हमालांचा हा प्रकार अनोळखी नव्हता. मुंबईहून निघालेल्या १८६८च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेत जनरल नेपियरच्या सुमारे १३,००० सैनिकांमागे त्याहून कितीतरी अधिक बिनलढाऊ माणसे होती. झूलाच्या किनाऱ्यावर हिंदी मजुरांनी रूळ टाकले. खेचरवाल्यांची भरती मात्र इतकी गलथान, की जनावरे पाण्यावाचून मेली. मॅग्डालाचा किल्ला पडल्यावर किताब नेपियरला मिळाला, मजुरांची नावेही उरली नाहीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी फ्रान्समध्ये सुमारे ९५,००० चिनी मजूर नेले. हिंदुस्थानातून भिस्ती, धोबी, हमाल, खेचरवाले मिळून साडेपाच लाखांवर बिनलढाऊ माणसे भरती झाली.