जुनें डिझेल एंजिन आणि नवें

रुडोल्फ डिझेल यांचें एंजिन १८९७ सालीं जर्मनींत ऑग्सबुर्ग येथें यशस्वी झालें. त्यांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत तेल शिरतांच पेटतें. तें केव्हां व किती सोडावें, हाच खरा प्रश्न होय. जुन्या एंजिनांत हें काम पंपाचा दट्ट्या, स्प्रिंग व फिरतीं वजनें करीत. वेग वाढला कीं वजनें बाहेर फाकत व तेल कमी होई. सारें डोळ्यांस दिसे, बोटांस कळे.

मोटारगाड्यांत १९९७ पासून ‘कॉमन रेल’ आली. एका नळींत प्रचंड दाबाखालीं तेल सज्ज असतें व संगणक तें क्षणाच्या सूक्ष्म अंशाच्या हिशेबानें सोडतो. धूर घटला; जुन्या मालमोटारीमागून जे घाट चढले आहेत, त्यांस हें सुख सांगावयास नको. भारतांत १ एप्रिल २०२० पासून वाहनांवर आलेले धुराचे निर्बंध जुन्या रचनेस झेपलेच नसते.

परंतु एखादा सेन्सर बिघडला कीं गांवचा मिस्त्री पाना हातीं घेऊन नुसता उभा राहतो. दोषाचा संकेतांक पुष्कळदां कंपनीच्याच यंत्रास वाचतां येतो. आमच्या मतें दोष संगणकाचा नव्हे, कुलुपांत ठेवलेल्या विद्येचा आहे. ज्यानें एंजिन विकत घेतलें, त्यास त्याचें दुखणें वाचण्याचाही हक्क असावा. आणि तंत्रशाळांनीं मुलांच्या हातीं पान्याबरोबर तें वाचक-यंत्रही द्यावें.