‘जरा उजळ करा!’

लग्नाच्या मुलीला घेऊन बाप स्टुडिओत येतो, संगणकाच्या पडद्याकडे पाहतो आणि म्हणतो, ‘जरा उजळ करा.’ मुलगी शेजारीच उभी असते. तिच्या डोळ्यांदेखत तिचा रंग पायरी-पायरीने उतरवला जातो. हनुवटीवरचा तीळ जातो, लहानपणी भाजल्याचा डाग जातो, गाल आत ओढले जातात. जो चेहरा छापून बाहेर येतो तो बायोडेटाला चिकटतो. पुढे पाहुणे येतात, चहा-पोहे खातात आणि ‘फोटोत वेगळी दिसत होती’ असा निरोप धाडतात. मग हाच बाप मुलीच्या नशिबाला बोल लावतो!

अहो, नशिबाचा इथे काय संबंध? तू आहेस तशी दाखवण्याजोगी नाहीस, हा निकाल सासरच्यांच्या आधी बापाने दिला, तोही पैसे मोजून.

हा उद्योग संगणकाने आणला असे कोणी समजू नये. काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने टचिंग करणारे कसबी कारागीर आपल्या शहरांत पिढ्यान्पिढ्या होते. निगेटिव्हवर जितकी पेन्सिल चढे, तितकी छापील फोटोत कातडी उजळ दिसे. सामग्रीही आधीपासून गोऱ्यांच्या बाजूची. कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना जी नमुन्याची कार्डे पाठवी, त्यांवर वर्षानुवर्षे गोरी स्त्रीच असे. तपकिरी छटा नीट उमटाव्यात म्हणून फिल्म सुधारली गेली, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी होत्या, असे पुढे सांगितले गेले. म्हणजे कपाटाचा रंग चुकला तर कारखाना हलतो आणि माणसाचा चुकला तर माणसालाच पावडर लावायची! आजच्या मोबाइलमधला ‘ब्यूटी मोड’ तेच काम न विचारता करतो.

तरी सगळा दोष यंत्राच्या माथी मारून आपली सुटका नाही. 2020 साली ‘शादी डॉट कॉम’ने त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ने आपल्या नावातला ‘फेअर’ काढला. नफ्यावर चालणाऱ्या कंपन्यांनाही निदान लोकलाजेस्तव एवढे करावे लागले. आमच्या बायोडेटावरचा ‘वर्ण’ हा रकाना मात्र तसाच आहे आणि त्यात ‘निमगोरा’ लिहिताना पदवीधरांचा हात अडखळत नाही.

याहून वाईट प्रकार घरातली म्हातारी गेल्यावर घडतो. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागले की कळते, आयुष्यभर राबलेल्या या बाईचा एकटीचा असा एकही फोटो नाही. मग कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो सापडतो. त्यात ती कडेला, अर्धी झाकलेली. तेवढे तोंड कापून मोठे करायचे, धडाला दुसऱ्याच बाईची जरीची साडी जोडायची, मागे निळे आकाश टाकायचे. जिवंतपणी जी साडी मिळाली नाही ती मेल्यावर चिकटवून मिळते. आणि फोटो नवरा हयात असतानाचा असेल, पण ती विधवा होऊन गेली असेल, तर घरचे हळूच सांगतात, ‘तेवढे कुंकू काढा.’ नवरा गेला तेव्हा चारचौघींनी ते एकदा पुसले होतेच. आता ती उरलीही नाही, तरी तिच्या चित्राच्या कपाळावरून ते पुन्हा पुसायचे! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. तो ठराव भिंतीवरच्या फोटोपर्यंत कधी पोहोचणार?

फोटोतली मांडणीही पाहा. खुर्च्यांवर पुरुष, मागे उभ्या बायका. मधोमध थोरला मुलगा, टोकाला धाकटी सून, कडेवर पोर. आणि नवऱ्याने टाकलेली म्हणून माहेरी परतलेली मुलगी? तिच्या हातात मोबाइल देऊन ‘तूच काढ गं फोटो’ म्हटले की काम भागले. तिला कोणी बाहेर काढले नाही, तरी ती चौकटीत नाही. इतकी सफाई कोणत्याही टचिंगवाल्याला साधणार नाही.

फोटो चांगला यावा ही हौस वाईट नाही. ती पुरवण्याचा मार्ग कातडी खरवडण्याचा नाही, एवढेच. सकाळी दाराशी किंवा खिडकीशी तिरका उजेड येतो, तिथे माणसाला बसवा. अंधाऱ्या बाजूला कोणाला तरी पांढरी चादर धरून उभे करा. सावली आपोआप निवळते. समोरून मारलेला फ्लॅश बंद ठेवा, तो चेहरा सपाट करतो. सावळ्या माणसाला उन्हातल्या पांढऱ्या भिंतीपुढे उभे केले की कॅमेरा भिंतीचा उजेड मोजतो आणि चेहरा काळवंडतो. चूक उजेडाची, शिक्षा कातडीला. म्हणून पडद्यावर चेहऱ्यालाच बोट लावून उजेड ठरवा. मोबाइल नाकाजवळ नेला की नाक फुगते. चार पावले मागे सरका, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरा. मागची दोरी, बादली, वायर खुशाल पुसा. जे आठवड्याभरात जाणार आहे, ती पुटकुळी किंवा तो ओरखडा, तेही काढा. जन्मभर सोबत असलेला तीळ, व्रण, सुरकुती यांना हात लावू नका. आणि खुर्चीवर आजीला बसवा. नातू उभा राहिल्याने त्याचे पाय मोडत नाहीत.

स्टुडिओवाले म्हणतील, ‘गिऱ्हाईक सांगते ते आम्ही करतो.’ केशवपनाच्या काळी न्हाव्यालाही हेच म्हणता आले असते. पण 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही म्हणून त्यांनी संप केला. धंदा त्यांचाही होता, पोटे त्यांनाही होती. केशवपनाची चाल त्यांच्या गिऱ्हाइकांनी सोडायची ते वाट पाहत बसले असते, तर तो वस्तरा आणखी किती काळ चालला असता कोण जाणे. रूढी सोडायला समाज कधीच घाईत नसतो.

तेव्हा स्टुडिओवाल्यांनो, ‘आज रोख, उद्या उधार’ची पाटी तुमच्या दुकानात आहेच. तिच्या शेजारी आणखी एक लावा: येथे माणसाचा रंग बदलून मिळणार नाही, कुंकू पुसून मिळणार नाही.