गाळणी कोणाच्या दारात?

वरंध घाटातला पाऊस ओढ्यानाल्यांतून अखेर सावित्रीला मिळतो. त्याच नदीच्या खोऱ्यात महाडची रासायनिक वसाहत आहे. कारखान्याने आपले सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडावे, हा नियम तेथे लागू आहे. तो किती पाळला जातो, हे खाडीवरच्या कोळ्याला विचारावे. परंतु तत्त्व वादातीत आहे. घाण जेथून निघते तेथेच ती अडवावयाची असते.

ई-मेलच्या व्यवहारालाही हेच तत्त्व लागू पडते. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून पसरलेला 'आय लव्ह यू' हा विषाणू संगणकात शिरताच मालकाच्या पत्त्यांच्या यादीतील सर्वांना आपली प्रत धाडी. म्हणजे जो बळी, तोच नकळत प्रसारक! अशा वेळी सेवा पुरविणाऱ्या कंपनीने ग्राहकांचे बाहेर जाणारे टपाल आपल्या सर्व्हरवरच गाळणे, हा सरळ उपाय होय. परंतु येणारे टपाल तपासले तर स्वतःचा ग्राहक खूश होतो. जाणारे तपासले तर लाभ परक्याचा. म्हणून तेथे हात आखडतो. उत्पादकाने टाळलेला खर्च समाजाच्या माथी कसा बसतो, हे पिगू यांनी १९२० मध्येच दाखविले होते.

तो भार पेलतो कोण? एका यंत्रातून विषाणू सुटू लागले की इतर सर्व्हर त्या संपूर्ण सर्व्हरलाच काळ्या यादीत टाकू शकतात. मग त्याच सर्व्हरवरून वरंधच्या एखाद्या मुलीने धाडलेला नोकरीचा अर्जही वाटेतच अडतो. दोष एकाचा, दंड सर्वांना.

खर्चाची सबब टिकणारी नाही. 'क्लॅमएव्ही'सारखी गाळणी विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र ती सर्वस्वी पुरेशी नाही. २००४ चा 'मायडूम' स्वतःच टपाल धाडीत असे, कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून. ती आडवाटही कंपनीनेच बंद केली पाहिजे.

येथे एक सावधगिरी हवी. गाळणीच्या नावाखाली पत्र वाचण्याचा परवाना कोणालाही मिळता कामा नये. पत्रे अडविण्याचा व्यापक अधिकार सरकारला देणाऱ्या १९८६ च्या टपाल विधेयकास राष्ट्रपती झैलसिंग यांनी संमती दिली नव्हती, हे विसरून चालणार नाही. यंत्राने विषाणूची खूण ओळखावी, मजकूर साठवू नये; आणि पत्र अडविल्यास ग्राहकाला त्याच्या भाषेत तसे कळवावे.

स्वच्छ टपाल ही जादा पैसे मोजून घ्यावयाची चैन नव्हे, ते सेवा देणाऱ्याचे कर्तव्य आहे. कार्यकर्त्यांनी ही मागणी सांडपाण्याच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडली पाहिजे.