रिकाम्या पदाची पावती

कळवण तालुक्यात पदवीचे प्रवेश जून-जुलैत होतात, म्हणजे घरात रोकड सर्वांत कमी असते त्या दिवसांत. उन्हाळ कांदा चाळीत भरलेला असतो आणि भावाची वाट पाहत घरचे थांबलेले असतात. हातातले होते नव्हते ते खरिपाच्या बियाण्यात, खतात, मजुरीत गेलेले असते. पश्चिमेकडच्या कनाशी, दळवट, जयदर या भागातल्या अनेक आदिवासी कुटुंबांकडे तर चाळीतला कांदाही नसतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवरची मजुरी हा त्यांचा आधार, आणि ती छाटणीबरोबर ऑक्टोबरात सुरू होते. शुल्कपत्रक तयार करणाऱ्या समितीच्या टेबलावर हे वेळापत्रक नसते.

या मासिकाचे वाचक प्राचार्य आहेत, प्राध्यापक आहेत, लेखापाल आहेत, शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसणारे लिपिक आहेत. त्यांना शुल्कवाढ वाईट असते हे सांगायची गरज नाही, तशीच ती अपरिहार्य असते हेही सांगायची नाही. दोन्ही बाजूंची निवेदने आपण वर्षानुवर्षे वाचतो आहोत. निवेदनांत सहसा येत नाही ती गोष्ट वेगळी आहे. शासनाने अनुदान कापले असे आपण म्हणतो, पण कपातीचा आदेश कुणी पाहिलेला नसतो. कारण तो निघतच नाही. पद रिक्त होते, भरले जात नाही, आणि तीच कपात असते.

हिशेब साधा आहे. सार्वजनिक विद्यापीठातल्या मंजूर पदाचा पगार शासन देते. प्राध्यापक निवृत्त झाला की तो पगार शासनाचा वाचतो. तास मात्र घ्यावेच लागतात, म्हणून विद्यापीठ कंत्राटी शिक्षक नेमते आणि त्याचे मानधन स्वतःच्या निधीतून देते. हा निधी येतो कुठून? पात्रता शुल्क, नोंदणी, परीक्षा शुल्क, गुणपत्रक, फेरतपासणी, विलंब शुल्क यांतून. म्हणजे शासनाच्या बचतीचा बोजा परीक्षा अर्जावर येऊन बसतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात निम्म्याहून अधिक अध्यापकपदे रिकामी राहिल्याची चर्चा काही वर्षे चालू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये १११ पदांची जाहिरात निघाली आणि भरती लांबत गेली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रमवारीत हे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात २३ वरून ५६ वर घसरले, तेव्हा सगळ्यांनी शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाकडे बोट दाखवले. ते बरोबरच होते. पण त्याच रिकाम्या खुर्च्यांचा खर्च याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कळवणच्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयातला, गणेशखिंडीतला विद्यापीठ परिसर कधी न पाहिलेला विद्यार्थी परीक्षा अर्जातून उचलतो, हे त्या चर्चेत कुणी म्हटले नाही.

अनुदानित महाविद्यालयांचे चित्र थोडे निराळे आहे. तिथे मान्य कार्यभाराचे तासिका मानधन शासन देते, फक्त ते केव्हा देते हे विचारू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्यभरासाठी २०८८ सहायक प्राध्यापकपदांना मंजुरी मिळाली, त्याआधीची आणि नंतरची वर्षे तासिकांवरच निघाली. विनाअनुदानित तुकडीचा भार मात्र थेट पावतीवर येतो. २४ नोव्हेंबर २००१ पासून ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्द आपल्या कागदपत्रांत शिरला. त्यानंतर ग्रामीण भागात जे संगणकशास्त्र आले, जे पदव्युत्तर वर्ग आले, ते बहुतांश याच शिक्क्याखाली. एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या दोन बाजूंना, एका वर्गाचे शुल्क काही शेकड्यांत आणि दुसऱ्याचे काही हजारांत असते. आता चार वर्षांच्या पदवीने त्यात आणखी एक वर्ष घातले आहे. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे धोरण लागू झाले, नवे विषय आले, पण त्यांच्यासाठी नवी पदे आली नाहीत.

‘आदिवासी विद्यार्थ्याला कुठे शुल्क भरावे लागते, त्याला शिष्यवृत्ती आहे’ हे उत्तर आपल्याच कार्यालयांतून ऐकू येते. शिष्यवृत्ती आहे हे खरे. मॅट्रिकोत्तर योजनेत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के आहे, आणि पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वयम् योजना आहे. त्यासाठी कळवणला स्वतंत्र आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. पण योजना असणे आणि जुलैत शुल्काच्या खिडकीवर पैसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे खात्यावर येतात तेव्हा सत्र संपत आलेले असते, कधी वर्षही. मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये अशा सूचना शासनाने पुनःपुन्हा दिल्या आहेत. आपण शिक्षण शुल्क घेत नाही, ‘इतर शुल्क’ घेतो. ओळखपत्र, जिमखाना, विकास निधी, प्रयोगशाळा अनामत, विद्यार्थी कल्याण. शिक्षण शुल्काचा आकडा वर्षानुवर्षे हललेला नाही, वाढ झाली ती या उपशीर्षांत, आणि शिष्यवृत्तीत त्यांतले सगळे धरले जात नाही. मुलींच्या शंभर टक्के शुल्कमाफीचा ८ जुलै २०२४ चा निर्णयही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. मराठी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या अभोण्याच्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

पैसा नाही, असे मंत्रालय म्हणते. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वर्ग झाले. त्या-त्या प्रवर्गातल्या लाभार्थी महिलांनाच ते मिळणार असल्याने वळवले असे होत नाही, असा खुलासा सरकारने केला. खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण दरमहाचे १५०० रुपये आईच्या खात्यावर आले आणि मुलाची शिष्यवृत्ती अडकली, तर त्या घरातून ते पैसे आपल्याच खिडकीवर येतात. एका खात्याने दिलेले दुसऱ्याने परत घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

शुल्क कधीच वाढू नये असे या संपादकीयाचे म्हणणे नाही. विद्यापीठांनी आवर्ती खर्चाच्या १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के रक्कम स्वतः उभी करावी, अशी शिफारस न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९३ मध्येच केली होती. त्याच समितीने ही वाढीव मिळकत अनुदानातून वजा होऊ नये असेही बजावले होते. पहिले वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिले, दुसरे सोयीने विसरले गेले. इंग्लंडमध्ये २०१२ साली अध्यापनाचे अनुदान कापून शुल्क वर्षाला ९००० पौंडांपर्यंत नेले गेले. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. तरी तिथल्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशी खिशातून काही काढावे लागत नाही. कर्ज असते आणि नोकरीतली मिळकत ठरावीक आकड्याच्या वर गेल्यावरच हप्ते सुरू होतात. आपल्याकडे अशा देशांचे आकडे उचलले जातात, पैसे मागण्याची वेळ आणि रीत उचलली जात नाही. पुण्यातल्या, नोकरीची खात्री असलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाने आपला खर्च भागवावा, याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती एकाच ठरावाने हिंजवडीजवळच्या महाविद्यालयाला आणि सुरगाण्याच्या महाविद्यालयाला एकच परीक्षा शुल्क लावण्याला.

भौगोलिक सवलत देता येत नाही, हा युक्तिवादही टिकत नाही. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत परीक्षा शुल्क माफ करण्याची शासनाची जुनी रीत आहे. २०२३ मध्ये राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत आपल्या नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. म्हणजे तालुका बघून शुल्क ठरवणारी यंत्रणा आहे, आदेशाचा मसुदा आहे, संगणकप्रणालीत रकाना आहे. पाऊस पडला नाही की तो रकाना वापरायचा आणि पदे भरली नाहीत की नाही, याला कारण काय?

यातले आपल्या हातात किती? भरती नाही, अनुदान नाही. पण अधिसभेत आपले प्रतिनिधी आहेत, व्यवस्थापन परिषदेत प्राचार्य आहेत, आणि सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने शुल्क ठरवण्यासाठी समितीची तरतूद केलेली आहे. यापुढे शुल्कवाढीचा प्रस्ताव आला की त्यासोबत एक तक्ता मागावा: किती मंजूर पदे रिकामी आहेत, त्यांचा पगार शासनाचा किती वाचला, आणि त्यातला किती खर्च विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या पैशांतून केला. हा तक्ता नसेल तर प्रस्तावाला संमती देऊ नये. आदिवासी प्रकल्प क्षेत्रातल्या महाविद्यालयांसाठी परीक्षा शुल्क वेगळे ठरवावे, हा ठराव येत्या अधिसभेत कुणीतरी मांडावा. मांडणाऱ्याला आकडे लागतील. ते गोळा करून द्यायला हे मासिक तयार आहे, वाचकांनी आपापल्या महाविद्यालयांची माहिती पाठवावी.

आणि विलंब शुल्क. ते टाळायला ठराव लागत नाही. ते विद्यापीठाकडे भरावे लागते हे मान्य, पण ते लागूच नये म्हणून वेळेत अर्ज भरणाऱ्या गरजू विद्यार्थ्यासाठी महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थी कल्याण निधीतून परीक्षा शुल्क आगाऊ भरून शिष्यवृत्ती आल्यावर वळते करून घ्यावे, याला कुठल्या सहसंचालकाची परवानगी लागते? प्राचार्यांनी ऑक्टोबरचे परीक्षा अर्ज सुटण्याआधी एवढे तरी करावे.