बुलढाण्यातील निर्बंध आणि ‘परदेशी’ विषाणूचा शोध

फेब्रुवारी २०२१. अमरावतीत टाळेबंदी, तर बुलढाणा, अकोला, वाशीम व यवतमाळ जिल्ह्यांत निर्बंध लागू झाले. वाद एकच होता: विषाणू बदलला, की माणसे बेफिकीर झाली?

राज्याच्या आरोग्य विभागाने स्पष्ट केले की अमरावती-यवतमाळच्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका वा ब्राझील येथील प्रकार आढळले नाहीत. उत्तर खरे होते. पण विषाणूने परदेशातच रूप बदलावे, असा काही नियम नव्हता.

२४ मार्चला केंद्राने सांगितले की महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर ही उत्परिवर्तने आहेत. मात्र रुग्णवाढीशी थेट संबंध जोडण्याइतकी ही संख्या नाही. शास्त्रीय सावधगिरी म्हणून हे विधान निर्दोषच. परंतु ‘संबंध सिद्ध झालेला नाही’ आणि ‘संबंध नाही’ यांत मोठे अंतर आहे, आणि तपासलेले नमुनेच मोजके असतील तर पुरावा येणार कोठून? जनुकीय क्रम तपासण्यासाठी बुलढाण्याला पुण्यासारख्या दूरच्या शहरांवर विसंबावे लागे. बेफिकिरीचा ठपका ठेवायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही.

३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने बी.१.६१७ कुळातील एका शाखेला ‘डेल्टा’ हे नाव दिले. तोवर राज्यातील दुसरी लाट ओसरू लागली होती.